मुरलेलं पाणी

आमच्या घरात शिळं पाणी कुणी पीत नसे. रात्र उलटली की कालचं पाणी शिळं झालं. मग ते हंडाभर असो की तांब्याभर, सकाळी मोरीत ओतायचं, भांडी चिंच आणि राख लावून घासायची आणि नवं भरायचं. हे काम माझं होतं. आई कोकणातली, दारात विहीर असलेल्या घरातली. पिंपरीत पाणी नदीवरून डोक्यावर आणावं लागे तरी तिनं हा नियम सोडला नाही. मलाही त्यात काही वावगं वाटत नसे. स्वच्छ म्हणजे ताजं, आणि ताजं म्हणजे कालचं सगळं ओतून दिल्यावर जे भरतो ते. हे मला अक्षरओळखीच्या आधी कळलं होतं.

अक्षरं आली ती पत्रकांतून. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, कारखान्यात फिटर होते आणि युनियनच्या कमिटीवर होते. आमच्या खोलीत देवाच्या फळीखाली एक पत्र्याची पेटी होती, तिच्यात पत्रकं. उरलेली, जुनी, पावसात भिजून वाळलेली. मी 'म' शिकले तो मजुरांचा. दहाव्या वर्षी मी ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी ओसरीवर बसून पत्रकं मोठ्यानं वाचत असे, आणि उद्गारचिन्ह आलं की आवाज चढवत असे. सतराव्या वर्षी मी स्टेन्सिलवर लोखंडी टाकानं पत्रकं लिहू लागले, कारण कमिटीत माझ्याइतकं सुवाच्य अक्षर दुसऱ्या कुणाचं नव्हतं. मजकूर मोठ्यांचा, अक्षर माझं.

माशांची पेटी अण्णांनी देहूरोडहून आणली. लष्कराच्या भंगारात ती निघाली होती. लोखंडी चौकट, चार काचा, त्यातली एक तडकलेली. अण्णांनी काच बदलली, जवसाच्या तेलात खडूची पूड मळून लांबी केली आणि ती सांध्यांत भरली. आठ दिवस पेटी रिकामी ठेवली, मग पाणी भरून आणखी आठ दिवस. खिडकीखाली त्यांच्या खाटेच्या पायथ्याशी ती ठेवल्यावर खोलीत चालायला वाट उरली नाही.

मासे दिले पिंपरी कॅम्पातल्या एका कापडवाल्या शेठनी. फाळणीत सिंधमधून आलेले गृहस्थ. त्यांच्या दुकानात ठाणांच्या मागे काचेची मोठी पेटी होती आणि तिच्यात लाल मासे होते. अण्णा एरवी दुकानदारांच्या सावलीला उभे राहत नसत, पण या दुकानात ते तास तास बसत.

"शेठ, तुमचा वर्ग आमचा शत्रू आहे," अण्णा म्हणायचे, "पण मासे तुम्हालाच कळतात."

"पहले मछली बचाओ, भाऊ," शेठ म्हणायचे. "बाद में मुझे मारना."

त्यांनी चार मासे डब्यात घालून दिले आणि मला जवळ बोलावून नियम सांगितले, कारण घरातलं पाणी मुलीच्या हातात असतं हे त्यांना माहीत होतं. "देखो बेटी, पानी पूरा कभी बदलना नहीं. हफ्ते में एक बार, तीन में से एक हिस्सा. और नया पानी पहले बालटी में रखना, एक दिन, धूप में. रेती को साबुन नहीं, गरम पानी नहीं. काच पर जो हरा लगता है ना, उसको रहने दो. पीछे की काच का तो बिलकुल रहने दो."

"पण मग पाणी शिळं होईल," मी म्हणाले.

शेठना शब्द कळला नाही. अण्णांनी सांगितल्यावर ते हसले. "वही तो चाहिए."

पेटी घरी आल्यावर आईनं कमरेवर हात ठेवून माशांकडे पाहिलं. "चार मासे आणि एवढा पसारा! आमच्याकडे एवढ्याशा माशांना मांजरसुद्धा तोंड लावायचं नाही."

"खायचे नाहीत ते. बघायचे आहेत."

"बघून पोट भरणार असेल तर भरू दे बापडं."

अण्णा दर रविवारी पेटीचं काम करत. कामावरून आणलेली रबरी नळी पेटीत सोडायची, दुसऱ्या टोकानं तोंडानं ओढायची, पाणी सुरू झालं की टोक बादलीत. नळी वाळूवरून फिरवून ते माशांची घाण आणि उरलेला पावाचा चुरा ओढून घेत. तीन बोटं पाणी उतरलं की थांबत. मग आदल्या दिवशी अंगणात भरून ठेवलेल्या, वर फडकं बांधलेल्या बादलीतलं पाणी तांब्यानं, काचेला लावून, आवाज न करता सोडत. चिमटीपेक्षा जास्त चुरा टाकू देत नसत. कुणी पाहुण्यानं मूठ उघडली की त्याचा हात धरत.

महिन्याभरात पाण्याला फिक्या चहासारखी झाक आली. मागच्या काचेवर शेवाळ चढलं. वासही येई, नदीच्या डोहाजवळ येतो तसा. मला ते सहन होत नसे. बाहेर आम्ही स्वच्छ पाण्यासाठी लढत होतो आणि घरात खिडकीखाली महिनाभराचं पाणी साठवून ठेवलं होतं. मी बोलून दाखवलं की अण्णा म्हणत, "शिळं नाही ते. मुरलेलं आहे."

"लोणचं मुरतं. पाणी मुरत नाही."

"तुझ्या कुठल्या पत्रकात लिहिलंय तसं?" ते विचारत, आणि आई हसे.

स्वच्छ पाण्याची लढाई ही नुसती म्हणायची गोष्ट नव्हती. पेटी यायच्या आदल्या पावसाळ्यात चाळींतून ओकारी-जुलाबाची साथ फिरली होती. आमच्या शेजारच्या खोलीत याच भागातलं जुनं शेतकरी कुटुंब राहायचं. त्यांची जमीन कारखान्याच्या कुंपणात गेली होती आणि मुलगा त्याच कुंपणाच्या आत हमाली करत होता. घरातल्या म्हातारीला मी मावशी म्हणे. तिच्या सुनेचा दोन वर्षांचा मुलगा त्या साथीत गेला. सकाळी खेळत होता, दुसऱ्या दिवशी दुपारी नव्हता. सून माझ्याहून दोनएक वर्षांनीच मोठी. त्यानंतर ती माणसांत फारशी बोलेनाशी झाली. डॉक्टर म्हणाले, नदीचं पाणी. मग आम्ही पत्रकं काढली, सह्या गोळा केल्या, गेटवर सभा झाल्या, आणि वर्षभरानं कारखान्यानं नळ दिला. सगळ्या चाळींना मिळून एकच, पण दिला. टाकीत पावडर टाकलेलं पाणी. पहिल्या दिवशी अण्णांनी नळाला हार घातला.

पाण्याला दवाखान्यासारखा वास येई. बायका नाकं मुरडत, पण भरत. अण्णाही माशांची बादली आता नळावर भरू लागले, पूर्वीसारखीच एक दिवस उन्हात ठेवून. तीन महिने मासे त्या पाण्यात राहिले आणि चांगले राहिले. हे वाक्य मी मुद्दाम इथं लिहिते आहे, कारण पुढे मी ते लिहिलं नाही.

कार्तिकात अण्णांना कमिटीनं मुंबईला पाठवलं. कामगार खात्याकडे शिष्टमंडळ जायचं होतं, चार-पाच दिवसांचं काम. जाताना त्यांनी अंगणात बादली भरून ठेवली आणि मला म्हणाले, "रविवारी ही घाल. तीन बोटं, बस. बाकी हात लावू नकोस."

रविवारी दुपारी आमच्या खोलीत कमिटीची बैठक ठरली होती. अण्णा नसले तरी जागा आमचीच. सकाळी मी खोली झाडली, दिवा पुसला, भांडी घासली, आणि खिडकीखालच्या त्या पिवळट पेटीकडे पाहिलं. बाहेरची माणसं येणार. स्वच्छ पाणी मागणाऱ्यांच्या घरात हे! माझ्या डोक्यात त्या वर्षी एकच विचार सगळ्याला लावलेला असे. थोडं थोडं बदलणं म्हणजे भित्रेपणा. जुनं आहे ते तळापासून उपसायचं. मी पत्रकांत ते अनेकदा लिहिलं होतं, आणि मला ते पाण्यालाही लागू आहे असं वाटलं.

मासे कळशीत काढले. पेटी शेवटच्या थेंबापर्यंत उपसली. काचा राखेनं घासल्या, मागचीही. वाळू पातेल्यात घालून चुलीवर उकळली, तीनदा धुतली, पांढरी होईतो. आणि अण्णांची बादली? ती दोन दिवसांची होती. मी ती मोरीत ओतली. मग नळावर चार खेपा केल्या आणि ताजं, थंड, काचेसारखं पाणी पेटीत भरलं. आईसुद्धा म्हणाली, "आता कशी डोळ्यांना बरी दिसते."

मासे सोडले तेव्हा ते एकदम खाली गेले, मग वर आले. काचेवर आपटू लागले. थोड्या वेळानं चौघेही पाण्याच्या वर तोंड काढून आ वासत राहिले. मला वाटलं, नव्या पाण्यानं खूष झालेत. खरंच असं वाटलं. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा एक आडवा तरंगत होता. मी पाणी ढवळलं, चुरा टाकला, एकाला हातात धरून पुन्हा पाण्यात सोडलं. दुपारपर्यंत चारही गेले.

मावशी दारात उभी होती. "काय झालं गं पोरी?"

"मासे मेले."

"आन् पानी कंचं घातलं?"

"नळाचं," मी म्हणाले, आणि तिथंच थांबले.

मावशीनं तोंडाला पदर लावला. "आगं बया. आमी त्येच पितोय की."

मला तेव्हा सांगता आलं असतं. पाठीमागं पांढरी वाळू होती, रिकामी बादली होती, हाताला राख होती. पण बैठकीची माणसं यायला लागली होती. सेक्रेटरी पुढे होते, तिशीतले, दोनदा तुरुंगात जाऊन आलेले, मी ज्यांचा प्रत्येक शब्द खरा मानायची ते. त्यांनी पेटीजवळ गुडघे टेकले आणि बराच वेळ पाहिलं.

"नळाचंच पाणी?"

"होय."

"दुसरं काही नाही?"

"नाही."

ते उठले तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता. कारखान्याशी त्या वेळी दुसऱ्या नळाची मागणी अडली होती आणि कुणी दाद देत नव्हतं. "मॅनेजर म्हणतो पाणी शुद्ध आहे," ते म्हणाले. "मग हे काय आहे? मासे बोलत नाहीत म्हणून ते मेले नाहीत काय?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कॉम्रेड, हे पत्रक तुम्ही लिहा. मजकूरही तुमचा."

मला तोवर ते ताई म्हणत. कुणी मला पहिल्यांदा कॉम्रेड म्हटलं, आणि पहिल्यांदा मजकूर माझा होता. मी दिवेलागणीपर्यंत बसून लिहिलं. ते पत्रक माझ्याजवळ आहे. त्यातली वाक्यं चांगली आहेत. 'आज मासे मेले, उद्या कुणाची पाळी?' हे ठळक अक्षरात आणि खाली तीन उद्गारचिन्हं. त्यात एकही शब्द खोटा नाही. नळाचं पाणी घातलं, खरं. मासे मेले, खरं. खोटं जे आहे ते दोन वाक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आहे.

सोमवारी पहिल्या पाळीला गेटवर पत्रकं वाटली. मंगळवारी सकाळी मी नळावर गेले तर रांग नव्हती. चार-दोन कळश्या. बाकी बायका डोक्यावर हंडे घेऊन नळाला वळसा घालून नदीकडे चालल्या होत्या, त्यात मावशी पुढे आणि तिची सून मागे. सुनेला तेव्हा सातवा महिना होता. चढावर ती कमरेवर हात ठेवून थांबली.

मला आनंद झाला. हे लपवून उपयोग नाही. माझ्या शब्दांनी माणसं वाट बदलतात हे मी डोळ्यांनी पाहत होते, आणि त्या वाटेच्या टोकाला नदी आहे हे मला दिसत असूनही मी फक्त चालणारी माणसं पाहिली.

बुधवारी मी कॅम्पात गेले. अण्णा यायच्या आत पेटीत मासे हवे होते. शेठ गजानं कापड मोजत होते. त्यांनी गिऱ्हाईक होऊ दिलं आणि मग विचारलं, "सब मर गए? कैसे?"

मी सांगितलं. इथं खोटं बोलायचं काही कारण नव्हतं, म्हणून सगळं सांगितलं, वाळूपर्यंत.

शेठनी कपाळावर हात मारला. "अरे बेटी! नल में पावडर है. बालटी में एक दिन रखो तो वो उड जाता है, इसीलिए बोला था. सीधा डालेगी तो मछली का दम घुटेगा ही."

"म्हणजे पाण्यात विष आहेच की."

"मछली के लिए," ते म्हणाले. त्यांनी गज खाली ठेवला. "हम लोग आए ना, तब इसी कॅम्प में कितने बच्चे गए उल्टी-जुलाब में. बाद में पावडर आया. वो पावडर कीडे को मारता है, मछली को भी. आदमी को नहीं मारता. समझी? नदी के पानी में तेरी मछली मजे में रहेगी. बच्चा नहीं रहेगा."

त्यांनी मासे देऊ केले. मी घेतले नाहीत. परतीच्या वाटेवर माझ्या हातात रिकामा डबा होता आणि त्याचं झाकण खडखडत होतं.

अण्णा गुरुवारी सकाळच्या गाडीनं आले. स्टेशनवरच कुणीतरी पत्रक त्यांच्या हातात दिलं होतं. ते आत आले, बूट न काढता पेटीजवळ गेले, पाण्यात हात घालून मूठभर वाळू वर काढली आणि बोटांनी पसरली.

"उकळलीस?"

"होय."

"माझी बादली?"

"ओतली. शिळी होती."

ते खाटेवर बसले. आईनं चहा पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. पत्रक गुडघ्यावर उलगडून पुन्हा वाचलं. "हे कोणी लिहिलं?"

"मी."

"मजकूर?"

"माझाच."

"वाक्यं बरी आहेत," ते म्हणाले. याच्याइतकं मला कुणी कधी मारलेलं नाही.

मी शेठ काय म्हणाले ते सांगितलं. पावडरीनं मासे मरतात हे अण्णांनाही ठाऊक नव्हतं. ते नुसता नियम पाळत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मावशीच्या घरी आता कुठलं पाणी?" उत्तर आईनं दिलं. "नदीचं. आणि सुनेला कालपासून जुलाब होतायत."

त्या संध्याकाळी सेक्रेटरी आले तेव्हा अण्णांनी त्यांना दुसरं पत्रक काढायला सांगितलं. सेक्रेटरी बराच वेळ समजावत राहिले. ते वाईट माणूस नव्हते. आजही मी त्यांना वाईट म्हणणार नाही. "एवढ्या माणसांना एक नळ, ही मागणी खोटी आहे का?" त्यांनी विचारलं. "मासे कशानं मेले यात कशाला शिरायचं? आत्ता माघार घेतली तर मॅनेजर गेटवर उभा राहून हसेल. पुढच्या वेळी आपलं कोण ऐकेल?"

"पुढच्या वेळी ऐकायला माणसं जिवंत हवीत," अण्णा म्हणाले.

"तुम्ही मुलीसाठी भावनेच्या भरात बोलताय."

"मुलीनंच चूक केलीय. तीच लिहील."

सेक्रेटरी माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता पुन्हा कॉम्रेड म्हणतील. ते म्हणाले, "ताई, विचार करा." आणि गेले. सायक्लोस्टाइलचं मशीन युनियनचं होतं, ते मिळालं नाही. आम्ही दोघांनी कार्बन घालून हातानं प्रती काढल्या. अण्णांचं अक्षर वाईट, ओळी तिरक्या. मी लिहिलं की मासे माझ्या हातून मेले. पेटीतलं सगळं पाणी मी एकदम बदललं, वाळू उकळली, बादलीतलं पाणी ओतून दिलं. नळाच्या पाण्यात पावडर आहे, ती माणसाला मारत नाही, साथ मारते. नदीचं पाणी पिऊ नका. दुसऱ्या नळाची मागणी आमची आहे आणि राहील. खाली माझी सही. एकही उद्गारचिन्ह नाही. लिहिताना मला ते पत्रक वाटतच नव्हतं, शाळेतला माफीचा अर्ज वाटत होता.

कुणी ते मानलं नाही. गेटवर एकानं अण्णांना विचारलं, "काय राव, मुंबईत मॅनेजरनं चहा पाजला वाटतं?" माणसं हसली. दुसरा म्हणाला, "नुसता चहा? नाश्ता बी असंल." अण्णा हसले नाहीत आणि चिडलेही नाहीत. प्रत्येकाच्या हातात कागद देत राहिले. त्या वर्षीच्या कमिटीत त्यांचं नाव आलं नाही.

मी मावशीकडे गेले. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून दारात उभी राहून वाचून दाखवलं. आत कांबळ्यावर सून पडली होती, भिंतीकडे तोंड करून. डॉक्टर सुई देऊन गेले होते. मावशीनं शेवटपर्यंत ऐकलं.

"सोमवारी बी तूच वाचून दावलंस," ती म्हणाली.

"हो."

"त्ये बी छापलेलं व्हतं. ह्ये तर नुसतं हातानं लिवलेलं हाय. तुझा कंचा कागद खरा धरू गं मी?"

मी म्हणाले, "हा." मग मी घाईनं म्हणाले की वास नको असेल तर पाणी रात्रभर उघडं ठेवा, वास जातो, मासेसुद्धा त्यात जगतात.

"म्हंजी शिळं पाजू? पोटुशीला?" मावशीचा आवाज पहिल्यांदा चढला. "ताजं इखारी आन् शिळं चांगलं! काय शिकवतीस गं तू? जा घरी. जा."

मी भांडू शकले नाही. चार दिवसांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं.

त्यानंतर रोज सकाळी मी नळाजवळ उभी राहू लागले. येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला थांबवून सांगायची. काही जणी थांबत, बऱ्याच थांबत नसत. एक-दोघी परत आल्या त्या माझ्यामुळे नाही, चढ चढून पाय दुखले म्हणून. मी सांगायची तेव्हा माझा आवाज आपोआप चढे, ओसरीवर पत्रक वाचताना चढायचा तसा, आणि आवाज चढला की बायकांचे डोळे विझत. मला ते दिसायचं आणि थांबवता यायचं नाही.

चौथ्या की पाचव्या सकाळी मावशीची सून आली. एकटीच. उठून चालण्याइतकी ती बरी झालेली नव्हती. चाळीच्या भिंतीला हात लावत लावत आली. चेहरा ओढलेला, ओठ सुकलेले, कमरेला लहान कळशी. मी बोलायला तोंड उघडलं. तिनं नको अशी मान हलवली.

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मासं किती येळ तडफडत व्हते?"

पत्रकात हे नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. तिनं कोणाचा विचार करून विचारलं हे मला कळलं, आणि माझ्याजवळ त्या वेळी एकही वाक्य तयार नव्हतं.

"सकाळी सोडले," मी म्हणाले. "आधी काचेवर आपटत होते. मग वर येऊन तोंड उघडत होते. मला वाटलं त्यांना बरं वाटतंय. मी चुराही टाकला. दुपारपर्यंत सगळे गेले. शेवटचा माझ्या हातात होता."

"तुला ठावं न्हवतं."

"मासे कशानं मरतायत ते नव्हतं. पण अण्णा दर रविवारी हेच पाणी घालतात हे ठाऊक होतं. ते मी लिहिलं नाही."

नळाच्या तोटीतून थेंब पडत होता. तिच्या मुलाबद्दल मी काही बोलणार होते, बोलले नाही. तिचा आजार नदीच्या पाण्यानं आला की आणखी कशानं, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि मला आजही माहीत नाही. मी विचारायचं धाडस केलेलं नाही.

तिनं कळशी तोटीखाली ठेवली. पाणी भरताना दवाखान्याचा वास आला आणि तिनं तोंड बाजूला केलं, पण कळशी हलवली नाही. काठोकाठ भरू दिली. मी उचलायला वाकले.

"न्हाई," ती म्हणाली. "मी नेते. आत्याबाई इचारतील तर म्या नेलं म्हनून सांगीन. तुझं नाव नगं."

आणि भिंतीला हात लावत, दोनदा थांबून, ती कळशी घेऊन गेली.